अनेक खोल्या, एक जाळे : जुन्या घरातील दृक्-श्राव्य वितरणाची आखणी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे दूरचित्रवाणी संच ही वाड्यातील किंवा वाडीतील एखाद्याच घरची वस्तू होती. संच एक, खोली एक आणि प्रेक्षक मात्र अनेक, असा तो काळ होता. आज हे प्रमाण नेमके उलटे झाले आहे. एकाच घरात दिवाणखान्यात एक संच, वृद्धांच्या खोलीत दुसरा, माडीवर तिसरा आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दूरध्वनी, अशी स्थिती सर्वसामान्य कुटुंबातही दिसते. कार्यक्रम आता छपरावरच्या अँटेनातून उतरत नाहीत. काचेच्या तंतूतून ते घराच्या उंबरठ्यापर्यंत येतात आणि तेथून खोल्याखोल्यांत पोहोचविण्याची जबाबदारी घराच्या मालकावर पडते.

उंबरठ्यापर्यंतच्या कामाची चिंता सेवा पुरविणारी कंपनी वाहते. उंबरठ्याच्या आतील कामाची चिंता मात्र बहुधा कोणीच वाहत नाही. परिणामी महिन्याला अधिक पैसे भरून अधिक वेगाची जोडणी घेतली जाते, आणि तरीही मागच्या खोलीतील चित्र अडखळतेच. दोष जोडणीत नसून घरातील वाटपात आहे, हे उमगेपर्यंत वर्ष-दोन वर्षांचे पैसे वाया गेलेले असतात.

विषय नीट ध्यानात यावा म्हणून गोव्यातील अंत्रुज महालातले एखादे जुने चौसोपी घर डोळ्यांसमोर आणावे. मध्ये राजांगण, भोवती सोपे, एका अंगाला देवघर, मागच्या बाजूला माजघर आणि त्याला लागून घरातील वयोवृद्ध आजींची खोली. भिंती चिऱ्याच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. एका भागावर माडी, वर मंगळुरी कौले. एरवी या घरात पाच-सहा माणसे राहतात. चतुर्थीला मात्र मुंबई-पुण्याहून आणि परदेशाहून आलेली मुलेनातवंडे मिळून ही संख्या पंचवीस-तीसवर जाते. ज्यांना येणे जमत नाही ते आरतीच्या वेळी पडद्यावरून हजेरी लावतात. आजींना गुडघ्यांमुळे देवघरापर्यंत चालवत नाही. आरती त्यांच्या खोलीत दिसावी आणि ऐकू यावी, ही घरातील सर्वांची इच्छा असते. घरातील जाळ्याची खरी कसोटी या दिवशी लागते, म्हणून आखणीही याच दिवसाला धरून करावी.

मागणीचा हिशेब

पहिले पाऊल कागद-पेन्सिलीचे आहे. माहितीच्या प्रवाहाचा वेग मेगाबिट प्रतिसेकंद या एककात मोजतात. येथे एक घोटाळा नेहमी होतो. संगणकावरील धारिकेचा आकार मेगाबाइटमध्ये सांगितला जातो आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. त्यामुळे १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट एवढाच मजकूर आणू शकते. जाहिरातीतील आकडा आणि पडद्यावरील आकडा यांत तफावत दिसली की ग्राहक फसवणुकीची तक्रार करतो. पुष्कळदा ती तफावत केवळ या आठपटीची असते.

पूर्ण उच्च स्पष्टतेच्या, म्हणजे १०८० रेषांच्या चित्राला साधारणपणे ५ मेगाबिट पुरतात. चौपट स्पष्टतेच्या, ज्याला बाजारात ‘फोर-के’ म्हणतात त्या चित्राला १५ मेगाबिट लागतात, आणि हात सैल ठेवून २५ धरावेत. दृश्य संभाषणाला ३ ते ४ मेगाबिट लागतात, परंतु ते जाताना आणि येताना, दोन्ही दिशांनी लागतात. संगीताची गरज त्या मानाने नगण्य आहे. ध्वनितबकडीवरील संगीत कोणतीही काटछाट न करता पाठवायचे म्हटले तरी सेकंदाला १.४ मेगाबिटच्या आसपासच जागा लागते.

आता चतुर्थीच्या संध्याकाळचा हिशेब मांडू. दिवाणखान्यातील मोठ्या संचासाठी २५, आजींच्या खोलीतील आणि माडीवरील संचांना प्रत्येकी ५ म्हणजे १०, परदेशातील मुलाशी चाललेल्या दृश्य संभाषणासाठी ४, एखाद्या विद्यार्थ्याच्या शिकवणीसाठी आणखी ४, आणि मुलांच्या हातांतील दहा दूरध्वनींना सरासरी २ प्रमाणे २०. बेरीज ६३ होते. याचा अर्थ १०० मेगाबिटची जोडणी या भरल्या घरालाही पुरून उरते. ३०० किंवा ५०० मेगाबिटची योजना घेण्यापूर्वी ही बेरीज एकदा करून पाहावी. या हिशेबाच्या दुप्पट वेग घेतला म्हणून मागच्या खोलीतील चित्र सुधारत नाही.

ज्या योजनांत महिन्याच्या वापराला मर्यादा असते, तेथे दुसराही हिशेब हवा. ५ मेगाबिटच्या प्रवाहाने तासाला सव्वादोन गिगाबाइट खर्च होतात, आणि १५ मेगाबिटच्या प्रवाहाने पावणेसात. लहान पडद्यावर ‘फोर-के’ चित्र मागविणे हा शुद्ध अपव्यय होय. संचाच्या मांडणीत जाऊन स्पष्टता कमी करून ठेवता येते.

चिऱ्याची भिंत आणि बिनतारी लहर

बिनतारी जाळे म्हणजे वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची सुमारे सहा. लांब लहर भिंतीतून तुलनेने बरी पार होते, परंतु तिच्या पट्ट्यात गर्दी फार. त्या पट्ट्यात एकमेकांना न अडविणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११. शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे आणि मायक्रोवेव्ह भट्टी ही सारी मंडळी याच पट्ट्यात वावरतात. आखूड लहरीच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे आणि वेगही अधिक मिळतो. मात्र जाड भिंतीपुढे ती लवकर हार मानते. दीड-दोन फुटी चिऱ्याची एक भिंत ती कशीबशी ओलांडील, पण दोन भिंतींपलीकडे तिचा भरवसा धरू नये. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तर आणखी मारक ठरते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. माणसाच्या शरीरातही पाणीच अधिक असल्याने तीस माणसांनी भरलेल्या सोप्यात लहर क्षीण होते. रिकाम्या घरात केलेली चाचणी म्हणूनच फसवी असते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एका वाहिनीवरील सर्व उपकरणे हवा वाटून घेतात. एखाद्या सभेत एका वेळी एकानेच बोलावे, तसा हा व्यवहार आहे. दूरच्या खोलीतील क्षीण लहरीवर चालणारे उपकरण सावकाश बोलते, म्हणजेच तेवढाच मजकूर पोहोचविण्यास अधिक वेळ घेते. तेवढा वेळ इतरांना थांबावे लागते. आजींच्या खोलीतील संच दोन भिंतींपलीकडून रडतखडत चालत असेल, तर राउटरशेजारी बसलेल्या नातवाच्या शिकवणीचेही चित्र त्यामुळे थबकते. दोष मात्र नातवाच्या दूरध्वनीला दिला जातो.

यातून आखणीचे मुख्य सूत्र निघते. जे उपकरण जागचे हलत नाही त्याला तार द्यावी, जे हातात फिरते त्याला हवा द्यावी. संच, साठवणीचा संगणक, बैठा संगणक आणि स्वतः बिनतारी प्रक्षेपक ही सारी स्थिर उपकरणे तारेवर गेली की हवेतील गर्दी कमी होते आणि फिरत्या दूरध्वनींना मोकळीक मिळते.

भिंतीतील बटणफळीला लावायचे ‘रिपीटर’ बाजारात स्वस्त मिळतात. एकाच पट्ट्यावर काम करणारा रिपीटर ऐकलेले प्रत्येक वाक्य पुन्हा उच्चारतो, म्हणून त्याच्या पलीकडे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय जेथे लहर आधीच मेलेली आहे तेथे तो लावला जातो, आणि मेलेलीच लहर पुढे पाठवितो. ‘मेश’ नावाने मिळणारे संच याहून चांगले आहेत. परंतु त्यांचे घटक एकमेकांशी तारेने जोडले तरच जाड भिंतींच्या घरात त्यांचे पूर्ण मोल मिळते. आपल्या नमुन्याच्या घरात दोन प्रक्षेपक पुरेत : एक राजांगणाच्या सोप्यात छताजवळ, जेथून उघड्या अंगणातून लहर तिन्ही बाजूंना जाते, आणि दुसरा माडीवर. जुन्या घरातील राजांगण ही या कामी मोठीच सोय आहे, कारण मोकळ्या हवेत लहरीला अडथळा नसतो. आजींच्या खोलीचे दार सोप्याकडे उघडत नसेल तर तेथे तिसरा, लहान शक्तीचा प्रक्षेपक लावणे योग्य. देवघराच्या छताला मात्र प्रक्षेपक टांगू नये. चतुर्थीला तेथे माटोळी बांधली जाते, आणि नारळ, सुपाऱ्या, काकड्या व चिबडांच्या त्या ओल्या फळभाराआडून कोणतीही लहर नीट येत नाही.

तारेचे काम

घरगुती कामासाठी ‘कॅट-६’ जातीची तार घ्यावी. तीत तांब्याच्या आठ तारा चार पिळलेल्या जोड्यांत असतात. १०० मीटर अंतरापर्यंत ती सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेते आणि सुमारे ५५ मीटरपर्यंत त्याच्या दहापट. घरातील कोणतीही धाव सहसा ५० मीटरच्या पुढे जात नाही. खरेदी करताना एक दक्षता अवश्य घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसायला अगदी तशीच असते आणि निम्म्या किमतीत मिळते. ती वाकविताना तुटते, जोडणीत सैल पडते आणि खाऱ्या दमट हवेत लवकर खराब होते. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरट धातू दिसला तर ते बंडल परत करावे. भिंतीत पुरलेली तार पुन्हा काढणे म्हणजे भिंत पुन्हा फोडणे, हे लक्षात घेता येथे केलेली बचत महागात पडते.

तारांची रचना झाडाच्या फांद्यांसारखी नसावी. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी तार नेल्यास मधली एक जोडणी सैल होताच पुढच्या सर्व खोल्या अंधारात जातात. घराच्या मध्यभागी एक कोनाडा निवडावा आणि प्रत्येक बिंदूपासून स्वतंत्र तार त्या कोनाड्यापर्यंत आणावी. आपल्या घरात बिंदू सात धरले : दिवाणखाना, आजींची खोली, अभ्यासाची खोली, माडीवरील खोली, देवघर आणि दोन प्रक्षेपकांच्या जागा. प्रत्येक ठिकाणी एकीऐवजी दोन तारा टाकाव्यात, कारण मजुरी एकदाच पडते आणि एक तार उंदराने कुरतडली तरी दुसरी हाताशी असते. सरासरी अंतर २० मीटर धरल्यास चौदा तारांना २८० मीटर लागतात. ३०५ मीटरच्या एका पेटीत हे काम बसते.

कोनाड्यात या तारा स्विच नावाच्या यंत्रात येतात. आठ तोंडांचा स्विच पुरेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण सात बिंदू, राउटरकडून येणारी एक आणि साठवणीच्या संगणकाची एक अशा तारा नऊ होतात. म्हणून सोळा तोंडांचा स्विच घ्यावा. तारेतूनच वीज पुरविणारा स्विच घेतल्यास छताजवळच्या प्रक्षेपकाला निराळी बटणफळी लागत नाही, आणि कोनाड्यातील एका बॅटरीवर सारे जाळे वीज गेल्यावरही चालू राहते. पावसाळ्यात ही सोय लहान नव्हे. राउटर आणि काचतंतूचा संच मिळून साधारण २० वॅटच्या आसपास वीज लागते, म्हणजे घरातील इनव्हर्टरला त्यांचा भार जाणवतही नाही. फक्त त्या कोनाड्याची वीज इनव्हर्टरच्या वाहिनीवर घेण्यास वायरमनला आधीच सांगावे लागते.

चिऱ्याच्या भिंतीत झिरी मारणे सोपे असले तरी जुन्या, मातीत बांधलेल्या भिंतीला ते मानवत नाही. चिरे हलतात, गिलावा सुटतो. अशा घरात वाशांच्या वरून माळ्यातून तारा नेणे हेच श्रेयस्कर. त्या कडक पीव्हीसी नळीतून न्याव्यात, म्हणजे उंदीर आणि खारी यांचा उपद्रव टळतो. विजेच्या तारांच्या नळीत माहितीची तार घालू नये. दोहोंत काही इंचांचे अंतर ठेवावे, आणि ओलांडणे भाग असेल तेथे काटकोनात ओलांडावे. हे केवळ अडथळ्यांसाठी नाही, सुरक्षिततेसाठीही आहे.

विजांचा विषय येथेच आला. कोकणपट्टीत मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. मुख्य घरापासून परसातील खोलीपर्यंत किंवा आऊटहाऊसपर्यंत उघड्यावरून तांब्याची तार ओढणे हा धोका होय. जवळपास वीज पडली तरी त्या तारेत दाब निर्माण होतो आणि दोन्ही टोकांची उपकरणे एकाच क्षणी जळतात. दोन इमारतींना जोडताना काचतंतू वापरावा, कारण काच वीज वाहून नेत नाही. मात्र ज्या काचतंतूच्या केबलमध्ये आधारासाठी लोखंडी तार असते, ती तार घरात शिरण्यापूर्वी तोडून टाकावी. घराची अर्थिंग तपासून घेणे हेही याच कामाचा भाग आहे. जुन्या घरांत ती पुष्कळदा नावापुरतीच असते.

काचतंतू घरात आणणारा कारागीर स्वाभाविकपणे पहिल्या खांबाजवळच, म्हणजे समोरच्या ओसरीवर यंत्र लावून मोकळा होतो. घराच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट जागा, कारण प्रक्षेपणाचा निम्मा भाग रस्त्याला मिळतो. तंतू मध्यल्या कोनाड्यापर्यंत आणण्याचा आग्रह धरावा. तंतू फार तीव्र कोनात मात्र वाकवू नये.

दोन राउटरांचे भांडण

तारा उत्तम, यंत्रे उत्तम, आणि तरीही माडीवरच्या दूरध्वनीला दिवाणखान्यातील संच ‘दिसत नाही’, ही तक्रार फार ऐकू येते. कारण असे : कंपनीने दिलेल्या काचतंतूच्या संचात राउटर अंतर्भूत असतो. घरमालक वर आणखी एक राउटर विकत घेऊन लावतो. राउटरचे एक काम म्हणजे घरातील प्रत्येक उपकरणाला क्रमांकाचा पत्ता देणे, जसे १९२.१६८.१.५. दोन राउटर दोन निरनिराळ्या मालिकांतून पत्ते वाटू लागले की एका घरात दोन गावे वसतात. दुसऱ्या राउटरवरच्या उपकरणांना बाहेरचे जग दिसते, पण पहिल्या राउटरवरची मंडळी त्यांना हाक मारू शकत नाहीत. दूरध्वनीवरचे चित्र संचावर पाठविण्यासाठी दोघेही एकाच गावात असावे लागतात. उपाय सोपा आहे. दुसरे यंत्र राउटर म्हणून नव्हे, तर केवळ प्रक्षेपक म्हणून चालवावे. बहुतेक यंत्रांत तशी कळ असते. पत्ते वाटण्याचे काम एकाच यंत्राकडे राहावे. सर्व प्रक्षेपकांना एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द दिला की दूरध्वनी घरभर फिरताना आपोआप जवळचा प्रक्षेपक धरतो.

साठवणीच्या संगणकाला मात्र कायमचा पत्ता राखून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो नव्या पत्त्यावर राहायला जातो आणि संच जुन्या दारावर थाप मारीत बसतो.

पाहुण्यांसाठी वेगळे नाव असलेले जाळे उघडून द्यावे. तीस पाहुण्यांना घरचा परवलीचा शब्द सांगितल्यावर तो गुप्त राहत नाही. पाहुण्यांच्या जाळ्यावरून घरातील संच आणि साठवण दिसत नाही, आणि ते तसेच असावे. दाराशी लावलेले कॅमेरेही घरच्या जाळ्यापासून निराळे ठेवता आल्यास उत्तम. राउटरसोबत आलेला व्यवस्थापनाचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि फारच थोडे लोक तो पाळतात.

घरचे भांडार

बाहेरून येणारे चित्रपट हा या जाळ्याचा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग कुटुंबाच्या दृष्टीने कदाचित अधिक मोलाचा आहे. गोमंतकातील पुष्कळ घरांत जत्रेतील नाटकांच्या, भजनी सप्ताहांच्या, लग्नमुंजींच्या ध्वनिफिती आणि चित्रफिती ट्रंकांत पडून आहेत. काहींत आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. चुंबकीय फीत दमट हवेत बुरशी धरते आणि तिच्यावरील लेप सुटू लागतो. प्रत्येक पावसाळा तिच्यातील काही ना काही घेऊन जातो. ज्या यंत्रावर ती वाजवायची ती यंत्रेही आता नवी बनत नाहीतशीच झाली आहेत. घरात जाळे टाकण्याचे काम निघालेच आहे, तर या फितींचे अंकीय रूपांतर त्याच वर्षी उरकावे.

एका तासाची ध्वनिफीत ध्वनितबकडीच्या प्रतीने साठविल्यास ६३५ मेगाबाइट जागा घेते, आणि ‘फ्लॅक’ पद्धतीने काहीही न गमावता साधारण निम्मी. दोन टेराबाइटच्या तबकडीवर अशा ३,००० तासांहून अधिक फिती मावतात. तबकडी जोडलेला लहान संगणक कोनाड्यात ठेवून त्यावर ‘जेलिफिन’सारखी विनामूल्य कार्यप्रणाली बसविली की घरातील प्रत्येक संचावर हे भांडार यादीच्या रूपात उघडते. एका गिगाबिट तारेवरून उत्कृष्ट प्रतीचे, प्रत्येकी ४८ मेगाबिटचे पंधरा प्रवाहही एकाच वेळी सहज वाहतात. याला बाहेरच्या जोडणीची गरज नसते. काचतंतू तुटला असेल त्या दिवशीही आजोबांचे नाटक दिसते.

साठविताना पद्धतीची निवड विचारपूर्वक करावी. २००३ साली प्रमाणित झालेली ‘एच २६४’ ही संक्षेपपद्धती जवळजवळ प्रत्येक संचाला समजते. २०१३ ची ‘एच २६५’ कमी जागेत तितकेच चांगले चित्र देते, पण जुन्या संचांना ती वाचता येत नाही. मग कोनाड्यातील संगणकाला प्रत्येक चित्र क्षणोक्षणी भाषांतरित करून द्यावे लागते. दोन खोल्यांतून एकदम मागणी आली की तो धापा टाकू लागतो आणि चित्र थांबते. अशा वेळी जाळ्याला दोष देऊ नये. मराठी उपशीर्षकांची धारिका ‘युनिकोड’मध्येच जतन करावी, नाहीतर पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन उमटतात.

दोन तबकड्यांवर एकाच वेळी लिहिणारी यंत्रे मिळतात, आणि त्यामुळे आपले भांडार सुरक्षित झाले असा समज होतो. एक तबकडी बिघडली तर दुसरी तारते, हे खरे. पण चुकून पुसलेली धारिका दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात. तिसरी प्रत काढून ती दुसऱ्या घरी, उदाहरणार्थ मुंबईच्या मुलाकडे, ठेवावी. दरवर्षी चतुर्थीला तो येतोच. येताना तबकडी आणावी आणि नवी भर घालून परत न्यावी.

आरतीचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. देवघरातील आरती आजींच्या खोलीत कशी पोहोचवावी? पुष्कळांना सुचणारा मार्ग म्हणजे दूरध्वनीवरून समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण करणे आणि तेच आजींच्या संचावर लावणे. या मार्गाने चित्र परदेशातील संगणकांपर्यंत जाऊन पुन्हा घरी येते आणि त्यात दहा सेकंदांचा किंवा त्याहून अधिक उशीर पडतो. आजींना घंटेचा खरा नाद भिंतीपलीकडून आधी ऐकू येतो आणि पडद्यावर कर्पूरारती त्यानंतर कितीतरी वेळाने दिसते. ज्यांनी साठ वर्षे ती आरती स्वतः केली त्यांना हे विचित्र वाटते, आणि त्या संच बंद करायला सांगतात.

परदेशातल्या मुलासाठी दृश्य संभाषणाचा मार्ग योग्य, कारण त्यात उशीर सहसा अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो आणि त्यालाही बोलता येते. आजींसाठी मात्र घरातल्या घरातलीच वाट हवी. देवघराच्या बिंदूवर तारेने जोडलेला कॅमेरा बसविल्यास आणि त्याचे चित्र आजींच्या संचाजवळच्या छोट्या यंत्राने थेट घेतल्यास उशीर एक-दोन सेकंदांवर येतो. त्याहूनही उत्तम उपाय म्हणजे प्रत्येक बिंदूवर टाकलेली ती दुसरी तार. तिच्या दोन्ही टोकांना एचडीएमआय वाहून नेणारी जोडयंत्रे लावली की कॅमेऱ्याचे चित्र कोणत्याही संगणकाला वळसा न घालता सरळ संचात उतरते, आणि उशीर डोळ्यांना जाणवत नाही. साधी एचडीएमआय तार मात्र दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही, म्हणून ती थेट ओढू नये.

ध्वनीचे गणित याहून नाजूक आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर अंतराला त्याला ३० मिलिसेकंद लागतात. एवढा फरक कानाला खपतो. परंतु दोन लगतच्या खोल्यांतील ध्वनिवर्धकांत दशांश सेकंदाचे अंतर पडले की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि आरतीचा गलबला होतो. ब्लूटूथच्या ध्वनिवर्धकांत असा उशीर हमखास असतो, आणि प्रत्येकाचा निराळा. अनेक खोल्यांत एकच संगीत एकतालात वाजवायचे असल्यास सर्व खोल्यांत एकाच बनावटीची, परस्परांशी वेळ जुळवून घेणारी यंत्रे लागतात, किंवा ‘स्नॅपकास्ट’सारखी कार्यप्रणाली चालवावी लागते. केवळ देवघराचा आवाज मागच्या खोलीत न्यायचा असेल, तर देवघरात एक ध्वनिग्राहक, एक लहान ॲम्प्लिफायर आणि तेथून आजींच्या उशाशी ठेवलेल्या ध्वनिवर्धकापर्यंत दोन पदरी साधी तार एवढे पुरते. त्यात उशीर नाही, परवलीचा शब्द नाही आणि बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. सर्व आधुनिक साधने पारखून झाल्यावर या जुन्या युक्तीचाच कौल देणारे जाणकार वायरमन अद्याप आढळतात.

कामाचा क्रम

तारा ओढण्याचे काम कौले परतण्याच्या आणि रंगकामाच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे. माळ्यात तेव्हा ओल नसते आणि सुतार-गवंडी मिळतात. प्रत्येक तार टाकल्यावर तिची आठही टोके चाचणीयंत्रावर तपासल्याशिवाय वायरमनला पैसे चुकते करू नयेत. एक जोडी जरी तुटकी असली तरी दुवा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतो आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. पुष्कळ दूरचित्रवाणी संचांचे तारेचे तोंड मुळातच १०० मेगाबिटचे असते, त्यामुळे तेथे तो आकडा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही.

प्रक्षेपक कायमचे ठोकण्यापूर्वी ते शिडीवर तात्पुरते ठेवून, सर्व दारे लावून, दूरध्वनी हातात घेऊन घरभर फिरावे आणि प्रत्येक खोलीत मिळणारा वेग वहीत टिपावा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एका प्रक्षेपकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ क्रमांकाची वाहिनी द्यावी, आणि दोघांची शक्ती कमाल न ठेवता मध्यम ठेवावी. फार मोठ्याने बोलणारा प्रक्षेपक दूरवर ऐकू जातो, पण हातातल्या दूरध्वनीचा क्षीण आवाज त्याला परत ऐकू येत नाही. शिवाय दूरध्वनी जवळचा प्रक्षेपक सोडून त्यालाच चिकटून बसतो.

कोनाड्याच्या दाराच्या आतल्या बाजूस एक तक्ता चिकटवावा. त्यावर तारेचा क्रमांक, ती कोणत्या खोलीत जाते, कोणत्या वर्षी टाकली आणि यंत्रांचे पत्ते असावेत. तारांच्या दोन्ही टोकांनाही तेच क्रमांक बांधावेत. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी एकदा सर्व संच, दृश्य संभाषण आणि देवघरातील कॅमेरा एकाच वेळी चालू करून अर्धा तास पाहावे. त्या वेळी आजींच्या खोलीत घरातील कोणीतरी बसलेले असावे.